‘गे आहे, पण तसला नाही’ : या वाक्यातला ‘पण’ कसा सोडवावा

पुण्यात मराठीतून चालणाऱ्या एका आधारगटाच्या बैठकींना मी गेली काही वर्षे नियमाने जात आलो आहे. तिथे नव्याने आलेला पुरुष आपली ओळख करून देताना नाव, गाव आणि नोकरी सांगतो, जरा थांबतो, आणि मग बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणतो : “मी गे आहे, पण तसला नाही.” ‘तसला’ म्हणजे कसला, असे त्याला कोणी विचारत नाही, कारण खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तोच एक माणूस उभा राहिलेला असतो : मनगट सैल सोडून बोलणारा, मित्राला ‘अगं’ म्हणून हाक मारणारा, भुवया कोरलेला, लग्नकार्यात ज्याच्याकडे बघून पाहुणे एकमेकांना कोपराने डिवचतात तो. मीही पंचवीस वर्षांपूर्वी एका मित्राला हेच वाक्य ऐकवले होते. ते म्हटल्यावर मोकळे वाटेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षे ते वाक्य खरे ठेवण्यासाठी मी माझ्या चालण्यावर, हसण्यावर आणि हातांवर पहारा देण्यात घालवली.

आपल्याला पुरुष आवडतात हे निदान स्वतःशी कबूल केलेल्या, पण त्या कबुलीला चिकटून आलेल्या प्रतिमांपाशी अडखळलेल्या वाचकासाठी हे लिहिले आहे. घरी सांगावे की नाही आणि सांगायचे तर कधी, हा वेगळा व मोठा प्रश्न आहे. त्याला इथे कामापुरताच हात लावला आहे.

चार प्रश्न सुटे करा

समलिंगी पुरुषाविषयीचा प्रचलित साचा चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधतो, आणि आपणही ती न सोडता वर्षानुवर्षे डोक्यावर वाहत असतो. पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला कोण आवडते. दुसरी, आपण स्वतःला मनातून काय मानतो : पुरुष, स्त्री, की या दोन्हींत न बसणारे कोणी. तिसरी, आपली लोकांना दिसणारी ढब, म्हणजे बोलणे, बसणे, चालणे, कपडे आणि आवडीनिवडी. चौथी, शरीरसंबंधात आपल्याला काय हवेसे वाटते. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले म्हणून बाकीच्या तिघांचे उत्तर आपोआप हाती येत नाही. नाजूक ढबीचे आणि बायकोवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादे तरी असतात, आणि तालमीत घुमणारा, मिशीला पीळ देणारा पैलवान रात्री कोणाच्या आठवणीने जागतो हे त्याच्या मिशीवरून सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढेही हे प्रश्न वेगवेगळे आले होते : तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे, हे १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले गेले, तर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात. एक निकाल ‘मी कोण’ या प्रश्नाचा आहे आणि दुसरा ‘मला कोण आवडते’ या प्रश्नाचा.

एखाद्या निवांत संध्याकाळी हे चार प्रश्न घेऊन बसावे आणि प्रत्येकाचे उत्तर दोन-तीन वाक्यांत, घरात बोलता त्या मराठीत लिहावे. इंग्रजीत लिहू नये, कारण इंग्रजीत या विषयाचे शब्द तयार मिळतात आणि तयार शब्द वापरला की विचार तिथेच थांबतो. ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालते. चौथ्या प्रश्नाला तर ते अनेकांच्या बाबतीत काही वर्षे चालते. वही सापडण्याची भीती असेल तर लिहूच नये, टेकडीवर फिरायला जावे आणि स्वतःशी हळू आवाजात बोलावे. गादीखाली लपवलेली वस्तू आईला सापडत नाही, असे घर मी अजून पाहिलेले नाही.

हे सुटे करणे कशासाठी, ते आईशी बोलताना कळते. आमच्या गटातल्या एकाने घरी सांगितले तेव्हा आई बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, “म्हणजे तू आता साडी नेसणार का?” तो चिडला आणि म्हणाला, “मी काय हिजडा आहे का?” त्याच्या त्या एका वाक्याने दोन गोष्टी झाल्या. आईच्या मनात जी गाठ होती ती तशीच राहिली, आणि ज्या माणसांनी त्याचे काही वाईट केले नव्हते त्यांचा त्याने जाता जाता अपमान केला. आईचा प्रश्न टोमणा नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तिने दुसऱ्या आणि तिसऱ्याचे उत्तर गृहीत धरले होते, इतकेच. तिला असे सांगता आले असते : “नाही गं आई. ज्यांना आपण बाई आहोत असं वाटतं ती माणसं वेगळी, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. मी पुरुषच आहे, मला पुरुष आवडतात.” वाक्य साधे आहे, पण ते ऐनवेळी सुचत नाही, म्हणून आधी तोंडात बसवून ठेवावे. वडिलांसाठी आणि थोरल्या भावासाठी वेगळे वाक्य लागते, कारण पुष्कळ घरांत त्यांच्याशी बोलण्याची भाषाच वेगळी असते.

साचा पहिल्यांदा कुठे भेटला, ते आठवा

यानंतरचे काम थोडे त्रासाचे आहे. ‘बायल्या’ हा शब्द आपल्याला उद्देशून पहिल्यांदा कधी वापरला गेला, कोणी वापरला, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी आपण काय करत होतो, हे आठवून पाहावे. मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे आणि उत्तरे ऐकून प्रत्येक वेळी थक्क झालो आहे. एकाने झेल सोडला होता. एक जण लक्ष्मी फटाक्याच्या आवाजाने कानावर हात ठेवून घरात पळाला होता. एक जण गॅदरिंगमध्ये मुलींच्या नाचात उभा राहिला होता. सांगली जिल्ह्यातला एक मुलगा दिवाळीत बहिणीबरोबर अंगणात रांगोळी काढत होता; ठिपके त्याचे आणि रंग तिचे, अशी वाटणी होती. सायकलवरून जाणाऱ्या काकांनी तो शब्द उच्चारला आणि मुलाने हातातली रांगोळी खाली टाकली. त्याचे वय तेव्हा नऊ होते. आज तो अडतीस वर्षांचा आहे आणि त्या दिवशी किती ठिपक्यांची किती ओळींची रांगोळी होती, हे त्याला अजून आठवते.

या सगळ्या आठवणींत एक गोष्ट समान दिसेल : पुरुष आवडण्याशी त्यांतल्या एकीचाही संबंध नसतो. आकर्षण म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधी तो शब्द येऊन चिकटतो. तो दिला जातो तो भिण्याबद्दल, रडण्याबद्दल, नटण्याबद्दल, थोडक्यात बायकांच्या म्हणून ठरवलेल्या गोष्टी केल्याबद्दल. बाईसारखे असणे ही शिक्षेची गोष्ट आहे, असे आधी मानले असल्याशिवाय या शब्दाला शिवीची धार येत नाही. पुढे वयात आल्यावर आपल्याला पुरुष आवडतात हे कळते, आणि आपण तो जुना शब्द या नव्या जाणिवेवर स्वतःच्या हाताने लेबलासारखा लावतो. ‘पण तसला नाही’ या वाक्याचा उगम इथे आहे. आपण त्यात खरे तर रांगोळी टाकून देत असतो.

आपल्या भाषेतला हा साचा सरळ रेषेत आलेला नाही, हेही पाहून ठेवावे. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, यांच्या स्त्रीभूमिकांवर मराठी मध्यमवर्गाने जीव ओवाळला. त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली. त्याच महाराष्ट्रात तमाशातला नाच्या मात्र हसण्यासाठी राखून ठेवला गेला. गणपत पाटील यांनी तमाशापटांत तो इतका नेमका उभा केला की त्यांचे ‘आत्ता गं बया’ शाळेच्या मैदानांपर्यंत पोहोचले, आणि त्यांच्या चित्रपटांचा काळ ओसरल्यावरही आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांना ते ऐकून घ्यावे लागले. ते स्वतः बायकामुलांत रमलेले संसारी गृहस्थ होते. रंगभूमीवरच्या एका बायकी पुरुषाला शालू आणि दुसऱ्याला टवाळी, ही वाटणी ढबीवरून झालेली नाही; प्रेक्षागृह कोणाचे आणि फड कोणाचा, यावरून झालेली आहे. माझ्या मते ‘तसला’ या शब्दात बायकांविषयीच्या तुच्छतेइतकीच जात आणि वर्गही मुरलेले आहेत, आणि शहरातला शिकलेला समलिंगी पुरुष तो शब्द वापरतो तेव्हा त्याला बहुधा ‘गरीब, गावठी आणि उघड’ असे म्हणायचे असते.

दुसऱ्या साच्यापासूनही सावध राहा

पहिल्या साच्यातून सुटलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्यात जाऊन बसतो, आणि तो साचा चकचकीत असल्यामुळे साचा वाटत नाही. या दुसऱ्या चित्रातला गे पुरुष इंग्रजी बोलतो, व्यायामशाळेत कमावलेले शरीर बाळगतो, वांद्र्याला किंवा कोरेगाव पार्कात राहतो, त्याला कपड्यांतले कळते, तो मैत्रिणींना खरेदीचा सल्ला देतो आणि जून महिन्यात इंद्रधनुष्याचा पट्टा लावतो. असे पुरुष आहेत आणि त्यांनी तसे असण्यात काहीच गैर नाही. पण लातूरच्या अडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या, कीर्तनाला जाणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाला हे चित्र पाहून असे वाटू लागते की गे असण्याची पात्रताच आपल्यापाशी नाही. एकाने मला अगदी गंभीरपणे विचारले होते, “मला शोभेल का हो गे असणं?”

या प्रश्नामागे भाषेची अडचणही आहे. ‘गे’ हा शब्द अजून अनेकांना पाहुण्यासारखा वाटतो, आणि ‘समलिंगी’ हा शब्द न्यायालयाच्या कागदावरून उचलून आणल्यासारखा. कोती आणि पंथी हे शब्द वेगळ्या वस्तीतले : बायकी ढबीचे, बहुतांशी कष्टकरी वर्गातले पुरुष स्वतःला कोती म्हणवतात आणि आपल्या पुरुषी जोडीदाराला पंथी म्हणतात. एड्स-प्रतिबंधाच्या कामात हे शब्द संस्थांच्या नोंदवह्यांतही गेले. यांत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पंथी स्वतःला बहुधा कोणतेच नाव लावत नाही. तो आपला ‘पुरुष’ असतो, त्याला बायको असते, आणि ओळखीचा सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर असतो. ‘पण तसला नाही’ म्हणणारा शहरी माणूस आणि हा पंथी दोघेही एकाच युक्तीने सुटू पाहतात.

यावरचा उपाय म्हणून मी शब्दांचा आग्रह सोडायला सांगतो. वकिलाकडे ‘समलिंगी’ म्हणावे, मित्रांत ‘गे’ म्हणावे, आणि स्वतःशी बोलताना ‘मला पुरुष आवडतात’ एवढे वाक्य वापरावे, कारण त्याला कोणताही पोशाख चिकटलेला नाही. कीर्तन, शेती, क्रिकेट, कर्ज, गुडघेदुखी, यांतले काहीही त्या वाक्याच्या आड येत नाही.

प्रोफाइल पुन्हा लिहा

साचा आपल्या हातून सर्वांत स्पष्ट उमटतो तो डेटिंग ॲपवर, म्हणून सरावासाठी त्याइतकी चांगली जागा नाही. ग्राइंडरवर पुणे-मुंबईच्या परिसरात दिसणाऱ्या मजकुराचा नमुना साधारण असा असतो : ‘मॅनली, डिस्क्रीट, स्ट्रेट ॲक्टिंग. ओन्ली मॅनली. बायल्या लोकांनी मेसेज करू नये. नो टाइमपास.’ हा मजकूर एकेक शब्द घेऊन वाचावा. ‘डिस्क्रीट’ मागे खरी गरज आहे : घरी माहीत नाही, कंपनीत माहीत नाही. ती गरज साध्या भाषेत सांगता येते. ‘मॅनली’ हा स्वतःला दिलेला शेरा आहे आणि त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. ‘स्ट्रेट ॲक्टिंग’ या शब्दांचा सरळ अर्थ ‘मी नाटक करतो’ असा होतो, आणि लोक तो अभिमानाने लिहितात याची मला नेहमी गंमत वाटते. ‘बायल्या लोकांनी’ हे वाक्य म्हणजे सायकलवरून जाणाऱ्या त्या काकांचे वाक्य आहे. फक्त आता ते आपण टाइप करतो.

गटातल्या एकाने दोन-तीन बैठकांत खोडाखोड करून आपला मजकूर असा केला : ‘वय ३१, हडपसर. सकाळची शिफ्ट. घरी माहीत नाही, म्हणून फोटो ओळख झाल्यावर पाठवीन. गड चढायला आवडतात, दाढीवाले पुरुष आवडतात. आधी चहा, मग पुढचे पुढे.’ दाढीवाले आवडतात असे लिहिण्यात कोणाचा अपमान नाही. आवड सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; नावड जाहीर फलकावर लावण्याची गरज मात्र कोणालाच नसते. या बदलानंतर संदेशांची संख्या वाढली असे मी सांगणार नाही, कारण ती वाढली नाही. आलेल्या संदेशांना उत्तर देताना आवाज बदलावा लागत नव्हता, असे त्याचे म्हणणे होते.

‘टॉप की बॉटम’, म्हणजे शरीरसंबंधात तुमची भूमिका कोणती, हा पहिल्याच संदेशात येणारा प्रश्न याच मोळीतला आहे. तो कामाचा प्रश्न असू शकतो, पण उत्तरावरून समोरचा माणूस तुमचा आवाज, स्वभाव, पगार आणि घरातली भांडी कोण घासणार हेही ठरवू लागला, तर संभाषण आवरते घ्यावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे नसेल त्याने ‘भेटल्यावर बोलू’ एवढेच लिहावे.

पहारा आणि सावधगिरी यांत फरक करा

ढब बदलावी का, लपवावी का, सोडून द्यावी का, या प्रश्नावर उपदेश करणारे खूप आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण सुरक्षित घरात राहणारे आहेत. रात्री अकराला एसटी स्टँडवर, गावच्या जत्रेत, किंवा ज्या घरमालकाने घर सोडायला सांगितले तर उद्या राहायला जागा नाही त्याच्यासमोर हात आवरून बोलणे ही सावधगिरी आहे. तिची लाज वाटून घेऊ नये आणि तिला खोटेपणाही म्हणू नये. पहारा वेगळा. तो एकट्याने आरशासमोर उभे असतानाही चालू असतो, जवळच्या मित्राच्या घरीही चालू असतो, आणि त्याला राखण्यासारखे काही उरलेले नसते. फरक ओळखण्यासाठी मी एक साधा प्रश्न वापरतो : या क्षणी मी सैल झालो तर इथला नेमका कोण माणूस माझे नेमके काय नुकसान करील? नाव आणि नुकसान दोन्ही सांगता आले तर ती सावधगिरी. ‘लोक काय म्हणतील’ याखेरीज काही सुचले नाही तर बहुधा पहारा.

रांगोळीचे ठिपके काढणारा तो मुलगा पुढे एका खासगी बँकेत लागला. त्याचा आवाज बारीक आहे. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की तो आधी घसा खाकरायचा, हनुवटी छातीकडे न्यायचा आणि मग खालच्या पट्टीत ‘हॅलो’ म्हणायचा. संध्याकाळपर्यंत घसा दुखायला लागायचा. तरी पार्सल आणणारा मुलगा ‘मॅडम, पत्ता सांगा’ असेच म्हणायचा. आम्ही त्याला सुचवले की आठवड्यातून तीन फोन खाकरल्याशिवाय घ्यायचे, आणि तेही अशा लोकांचे, ज्यांचे मत त्याच्या आयुष्यात काडीचाही फरक पाडत नाही. पहिल्या दिवशी त्याने घाबरून फोन कापला. दुसऱ्या आठवड्यात त्याला एक वाक्य सापडले : “मॅडम नाही, सर, पण पार्सल आणा.” पलीकडचा मुलगा “सॉरी सर” म्हणाला आणि पार्सल घेऊन आला. एवढेच घडले. पण तो हे सांगताना इतका हसला की आमच्यातल्या दोघांनी आपापल्या फोनचे अनुभव सांगायला सुरुवात केली. अजून शाखेत साहेबांशी बोलताना तो खाकरतो, आणि ते त्याचे त्याने ठरवलेले आहे.

उलट दिशेचा पहाराही असतो, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. मित्रांच्या टोळक्यात ‘अगं-तुगं’ करणे, टाळ्या वाजवणे, प्रत्येक गोष्टीवर शेरेबाजी करणे काहींना मनापासून आवडते, तर काही जण केवळ आपण परके ठरू नये म्हणून करतात. टोळक्यातून घरी आल्यावर दमल्यासारखे वाटत असेल, तर तिथेही कोणाला तरी दाखवण्यासाठीच बोलणे चालले होते, असे समजावे.

डॉक्टर, लग्न आणि रक्त

काही साचे अज्ञान म्हणून येत नाहीत. ते औषधाच्या चिठ्ठीवर किंवा घरच्यांच्या बैठकीत अधिकाराने येतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वस्तुस्थिती ठाऊक असलेली बरी.

समलिंगी आकर्षण हा आजार नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळले, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी, आणि भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीर केली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे आकर्षण ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करू देत नाही. मला तरुणपणी एका डॉक्टरांनी वडील कडक नव्हते का, आई लाड करायची का, वसतिगृहात सवय लागली का, असे विचारून गोळ्या लिहून दिल्या होत्या. कारणांचा तो सगळा साचाच होता, आणि माझे वडील तर गल्लीत सर्वांत कडक म्हणून प्रसिद्ध होते. आज कोणी असे विचारले तर उपचार नेमका कशावर आहे ते कागदावर लिहून मागावे. बहुतेक वेळा कागद येत नाही.

‘लग्न केले की सुटेल’ हा सल्ला ‘खरा पुरुष तसला नसतो’ याच साच्याचा धाकटा भाऊ आहे. बायको, दोन मुले आणि भरदार आवाज असलेल्या पुरुषालाही पुरुष आवडू शकतात, आणि लग्नाने ते थांबत नाही. आपली ओळख सिद्ध करण्यासाठी एका अजाण मुलीला आयुष्यभर साक्षीदार म्हणून उभे करणे अन्यायाचे आहे; या एका मुद्द्यावर मी गटात मवाळ राहत नाही. ज्यांचे लग्न आधीच झाले आहे त्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो समुपदेशकाबरोबर बसूनच उलगडावा लागतो. दोन पुरुषांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार दिला, त्यामुळे ‘मग तुझ्या म्हातारपणाचे काय’ हा घरच्यांचा प्रश्न पोकळ नाही. त्याचे उत्तर मृत्युपत्र, विमा, बँक खात्यांवरचे नामनिर्देशन आणि चार भरवशाचे मित्र अशा कंटाळवाण्या गोष्टींतून तयार करावे लागते.

‘समलिंगी म्हणजे एड्स’ या समजुतीबद्दल एवढेच, की विषाणू ओळखपत्र पाहत नाही. तो असुरक्षित संबंधातून जातो, मग संबंध कोणाचाही असो. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्यानुसार चाचणीसाठी तुमची संमती लागते व निकाल गुप्त ठेवावा लागतो. गंमत अशी, की त्याच २०१७ साली आलेल्या रक्तदाता-निवडीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना सरसकट रक्तदानातून वगळले. माणूस कसा वागतो यापेक्षा तो कोण आहे, यावर तो नियम बेतलेला आहे. कार्यालयातल्या शिबिरात त्यावरून प्रसंग ओढवू नये म्हणून ‘आज देत नाही’ एवढे म्हणावे; सहकाऱ्यांना कारण सांगण्याचे बंधन नसते.

माणसांत जा

वरचे सगळे एकट्याने करता येते, पण एकट्याने ते फार हळू होते. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे, आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला व या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिले. जिथे जवळपास काहीच नाही तिथे केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते. मन फार खचले असेल तर वही-पेन बाजूला ठेवून आधी हा फोन करावा.

पहिल्यांदा बैठकीला जाल तेव्हा एक अनुभव येण्याची शक्यता आहे, त्याची तयारी ठेवावी. खोलीत एखादा पुरुष असेल, भुवया कोरलेला, मोठ्याने हसणारा, सगळ्यांना ‘अगं’ म्हणणारा, आणि त्याला पाहून तुमच्या पोटात गोळा येईल. उठून जावेसे वाटेल. तसे करू नये. ज्यांना लपता येत नव्हते अशाच माणसांनी या राज्यातल्या बागांमधून आणि स्थानकांवरून निरोध वाटले, पोलिसांचा मार खाल्ला, आजारी पडलेल्या मित्रांना रुग्णालयात नेले, आणि आपण ज्या खुर्चीवर अंग चोरून बसलो आहोत ती खुर्ची मांडली. चहा येईपर्यंत थांबावे. त्याच्या शेजारची जागा रिकामी असेल तर तिथे जाऊन बसावे, आणि तो या शहरात कधीपासून आहे, एवढे विचारावे.